नाशिकहून मुंबई किती दूर?

नाशिककरास कोणी विचारले की मुंबई किती लांब आहे, तर तो सहसा मैल सांगत नाही आणि किलोमीटरही सांगत नाही. तो तास सांगतो. वसंतातल्या संध्याकाळी गोदाकाठी व्याख्यानास जमणाऱ्या मंडळींना तर हा हिशोब चांगलाच अंगवळणी पडलेला आहे. वक्ते दुपारी मुंबईहून निघाले एवढे कळले, की पहिल्या रांगेतले वडीलधारे लोक घड्याळाकडे न पाहता ते केव्हा पोहोचतील हे सांगून मोकळे होतात.

परंतु अंतराचे आणखी एक माप अलीकडे आपल्या बोलण्यात आले आहे. ते म्हणजे एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचे. नकाशावर ओझरचा विमानतळ आणि मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ यांमध्ये सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे 160 किलोमीटर भरते. ताशी 400 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान विमानास एवढे अंतर कापण्यास गणिताने चोवीस मिनिटे लागावीत. वर चढणे, घिरट्या घालणे, खाली उतरणे हे सारे धरले तरी पाऊण तास पुष्कळ झाला. मग साडेतीन-चार तासांची मुंबई पाऊण तासावर आली असे आपण म्हणावयास हवे होते. तसे आपण म्हणत नाही. पहाटे उठून नाशिकरोडची गाडी गाठणारे हजारो लोक तर नाहीच म्हणत.

हे असे का, याचे उत्तर आम्ही या लेखात शोधणार आहोत. ते विमानाच्या यंत्रात सापडणार नाही, मुंबई-नाशिक प्रवासाच्या इतिहासात सापडेल. तो इतिहास पुष्कळ जुना आहे आणि त्याचा पहिला पुरावा आपल्याच गावाच्या डोंगरावर कोरलेला आहे.

पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याच्या दानांची यादी त्यात दिलेली आहे. गायी, गावे, सोने यांची दाने तर त्यात आहेतच. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली अशी की, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. यांतले गोवर्धन हे नाशिकजवळचेच, आणि शोर्पारग म्हणजे मुंबईच्या उत्तरेचे आजचे नालासोपारा. दुसरी अशी की, इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्याने फुकट होड्यांची सोय केली आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर विसाव्याची ठिकाणे व पाणपोया उभारल्या.

या नद्या बहुतांशी किनाऱ्याच्या वाटेवरच्या आहेत. सोपाऱ्याहून गोवर्धनास यावयाचे तर पुढे सह्याद्री चढावाच लागे. पण या दात्याची दृष्टी पाहण्यासारखी आहे. प्रवाशाचा वेळ आणि जीव कोठे खर्ची पडतो हे त्याने नेमके ओळखले होते. बैल सपाट रस्त्यावर त्याच्या चालीने चालतच असतो. त्याला कोणी घाई करू शकत नाही. माणूस खोळंबतो तो नदीच्या काठी होडीची वाट पाहत, आणि मुक्कामाच्या गावी रात्री आसरा शोधत. म्हणून दान दिले ते तरीस आणि धर्मशाळेस. वाटेतले सांधे आणि वाटेची टोके यांची त्याने सोय लावली. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे शहाणपण ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

त्यानंतर कित्येक शतके या वाटेवरची चाल फारशी बदलली नाही. लादलेली बैलगाडी दिवसास वीस-पंचवीस किलोमीटर चालते. नाशिक-मुंबई रस्ता सुमारे 180 किलोमीटरांचा धरला, तर आठ दिवसांचा प्रवास झाला. त्यात थळ घाट आला, आणि पावसाळा आला तर सारेच हिशोब वाहून गेले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुंबईस जाणारा मनुष्य घरच्यांचा निरोप घेऊन जाई, यात नवल नाही.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. हे अंतर 21 मैलांचे, म्हणजे 34 किलोमीटरांचे. पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली, आणि 1861 च्या आरंभी कसाऱ्यास. येथवरची हकीकत शाळेतल्या पुस्तकांतही आढळते. त्यापुढची मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची आहे. त्याच 1861 साली घाटमाथ्यावर इगतपुरीपासून नाशिकपर्यंतचा लोहमार्गही सुरू झाला. खाली कसाऱ्यापर्यंत गाडी आणि वर इगतपुरीपासून गाडी अशी स्थिती झाली. मध्ये राहिला तो फक्त घाट, सुमारे नऊ मैलांचा. तो पुरा होण्यास 1 जानेवारी 1865 उजाडला.

म्हणजे चार वर्षे असा प्रकार चालला की, मुंबईचा उतारू आगगाडीने झपाट्याने कसाऱ्यास येई, तेथे उतरे, सामान उतरवी, आणि घाट चढून इगतपुरीस पुन्हा दुसऱ्या आगगाडीत बसे. दीडशे किलोमीटरांहून अधिक मार्ग वाफेच्या वेगाने, आणि मधले पंधरा किलोमीटर बैलांच्या किंवा पायांच्या वेगाने! अशा प्रवासाचा वेग कोण ठरवतो? इंजिन ठरवीत नाही, तो ठरतो घाटात. इंजिनाचा वेग दुप्पट केला असता तरी त्या चार वर्षांत नाशिक मुंबईच्या फारसे जवळ आले नसते. नऊ मैलांचा सांधा जुळला तेव्हाच ते जवळ आले.

हा सांधा सोपा नव्हता. कसाऱ्याहून इगतपुरीस जाताना लोहमार्गास जवळजवळ हजार फूट वर चढावे लागते, आणि काही ठिकाणी 37 फुटांस 1 फूट असा चढ आहे. बोगदे खोदावे लागले, खोल दऱ्यांवर पूल बांधावे लागले. जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले याने भोर आणि थळ या दोन्ही घाटांचे काम आखले. परंतु तो 1862 साली वारला, आणि या दोहोंपैकी एकाही घाटातून गाडी गेलेली त्याने पाहिली नाही. आणखी ज्या हजारो मजुरांनी सह्याद्रीचा काळा कातळ फोडला, ज्यांत कित्येक तापाने व पटकीने दगावले, त्यांची नावे तर कोठे लिहिलीच गेली नाहीत. नाशिकची मुंबई जवळ आली ती त्यांच्या हातांनी, याचे स्मरण गाडी बोगद्यात शिरते तेव्हा एकदा तरी व्हावे.

घाट जुळला, पण दुसरा एक सांधा उरलाच होता. लोहमार्ग नाशिक गावातून गेला नाही. स्टेशन पडले गावापासून आठ-नऊ किलोमीटरांवर. त्यालाच आपण आज नाशिकरोड म्हणतो. घाट चढून आलेला उतारू स्टेशनावर उतरे आणि टांग्याच्या शोधास लागे. ही अडचण ओळखून 1890 च्या सुमारास स्टेशनापासून गावातल्या मेनरोडपर्यंत ट्राम सुरू झाली. ती अरुंद रुळांवर धावे आणि आरंभी घोडे तिला ओढीत. दुष्काळ आणि प्लेग यांच्या फेऱ्यांत तोटा सोसत ती कशीबशी चालली आणि 1930 नंतर थोड्याच वर्षांत बंद पडली. मुंबईत वाफेच्या इंजिनाने सुरू झालेला प्रवास मेनरोडवर घोड्याच्या टापांनी संपे, हे चित्र आज गमतीचे वाटते. पण उतारूच्या दृष्टीने तो शेवटचा तुकडा पहिल्याइतकाच आवश्यक होता.

सांधा जेथे असतो तेथे गाव वसते, हेही येथे पाहावयास मिळते. घाटासाठी इंजिने ठेवावी लागली म्हणून इगतपुरी हे रेल्वेचे गाव झाले. स्टेशन लांब पडले म्हणून नाशिकरोड वाढले, आणि 1925 साली सरकारचा सिक्युरिटी प्रेस तेथे उभा राहिला. शेजारच्या देवळालीची कथा आणखी निराळी आहे. मुदत संपलेले इंग्रज शिपाई मायदेशी जाण्यासाठी तेथल्या छावणीत येऊन थांबत. सैन्याची जहाजे ठरावीक हंगामातच सुटत. हंगाम चुकला की महिनोन् महिने वाट पाहत बसावे लागे. त्या रिकामपणाने आणि उन्हाने माणसे इतकी कंटाळत की, देवळालीच्या नावावरून इंग्रजी बोलीत 'डोके फिरलेला' अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला. वाट पाहणे हा प्रवासाचाच भाग आहे, याची अशी साक्ष आपल्या जिल्ह्याने इंग्रजी भाषेच्या कोशात नोंदवून ठेवली आहे.

आगगाडीने आणखी एक गोष्ट घडवली. सूर्य नाशिकच्या माथ्यावर मुंबईपेक्षा सुमारे चार मिनिटे आधी येतो. बैलगाडीच्या युगात या चार मिनिटांची कोणास दाद नव्हती. पण वेळापत्रक आले की सर्व गावांस एकच घड्याळ लागते. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती, म्हणजे मुंबईकरास घरचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि स्टेशनावरचे दुसरी. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली वेळ हट्टाने 1955 पर्यंत काही प्रमाणात चालू ठेवली. प्रवास घटकांच्या ऐवजी मिनिटांत मोजावयाची आपली सवय या गाडीने लावली.

1930 पर्यंत इगतपुरीपर्यंतचा मार्ग विजेचा झाला आणि घाटातला धूर गेला. 1975 साली मनमाडहून मुंबईस जाणारी पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली. नाशिकला घर आणि मुंबईत चाकरी असा संसार करणाऱ्या माणसांची एक पिढीच या गाडीने घडवली. पहाटे डबा घेऊन निघावे, रात्री जेवावयास घरी यावे. नाशिकरोड ते मुंबई हे लोहमार्गाने 187 किलोमीटर अंतर साडेतीन तासांच्या आसपास कापले जाते. घाटात अजूनही चढत्या बहुतेक गाड्यांस कसाऱ्यास जादा इंजिने जोडावी लागतात, म्हणजे बर्कलेचा चढ अजून आपला वेळ घेतोच. परंतु ही गाडी माणसास मुंबईच्या पोटात नेऊन सोडते. दादरला उतरावे, बोरीबंदरला उतरावे, आणि चालू लागावे. रेल्वेचे खरे बळ या शेवटच्या पावलात आहे.

आता विमानाकडे वळू. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले आणि भारतातल्या नियमित हवाई टपालास आरंभ झाला. या उड्डाणाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अहमदाबादेस विमानात भरावयाचे पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीवर लादून आणले होते. आकाशातला वेग जमिनीवरच्या बैलांवर असा टेकलेला होता. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात चिखलाने निकामी होई, तेव्हा टाटांस आपला मुक्काम पुण्यास हलवावा लागे. पुढे जुहूची जागा सांताक्रूझने घेतली.

ओझरची धावपट्टी उतारूंसाठी जन्मलेली नाही, हे विसरता कामा नये. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963 साली ते आपल्या नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. 1964 साली ओझर येथे मिग-21 ही लढाऊ विमाने बांधण्यासाठी कारखाना स्थापन झाला. तोच आजचा हिंदुस्थान एअरॉनॉटिक्सचा नाशिक विभाग. सुमारे 3000 मीटरांची धावपट्टी ही त्या कारखान्याची गरज होती. कारखान्यास मोकळी जागा हवी असते आणि उतारूस गाव जवळ हवे असते. ओझर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर आहे, त्याचे मूळ हे. उतारूंसाठी नवी इमारत तेथे 2014 साली झाली, म्हणजे धावपट्टीनंतर अर्ध्या शतकाने.

डिसेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारच्या उडान योजनेखाली ओझर-मुंबई सेवा सुरू झाली. विमान एकोणीस आसनांचे होते, आणि योजनेतल्या जागांना तासाभराच्या प्रवासास 2500 रुपयांची कमाल मर्यादा होती. गावात आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण ती सेवा फार काळ टिकली नाही. येथे कोणास दोष देण्यापेक्षा हिशोब मांडून पाहणे बरे.

नाशिकच्या घरापासून ओझर पाऊण तास. विमान सुटण्यापूर्वी तासभर तरी आधी पोहोचावे लागते. उड्डाण पाऊण तास. सांताक्रूझला उतरून, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. तेथून कोटातल्या कचेरीपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर, त्यास मुंबईच्या रहदारीत तास-सव्वातास. बेरीज चार-सव्वाचार तासांची झाली. त्यातला विमान हवेत असण्याचा वेळ पाऊण तास, आणि उरलेले सारे जमिनीवरचे. ते पाऊण तासाचे उड्डाण उद्या वीस मिनिटांत झाले तरी प्रवासी पंचवीसच मिनिटे वाचवील. दुसरी अडचण मुंबईची. तेथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तेथे उतरण्याची वेळ मिळणे दुर्मिळ, आणि एकोणीस माणसांचे विमान दोनशे माणसांच्या विमानाइतकीच जागा अडवते. अशा दारी लहान विमानाची डाळ शिजणे कठीण असते.

हाच हिशोब लांबच्या गावास लावला म्हणजे विमानाची योग्यता दिसते. नाशिकहून दिल्लीस गाडीने जाण्यास अठरा-वीस तास जातात. विमानाने जमिनीवरचे तीन-साडेतीन तास आणि हवेतले दोनेक तास धरले तरी सहा तासांच्या आत काम होते. जमिनीवरचा वेळ दोन्हीकडे तोच. मुंबईच्या प्रवासात तो सारा लाभ गिळून टाकतो, दिल्लीच्या प्रवासात तो सहज पचतो. मार्च 2023 मध्ये ओझरहून नागपूर, गोवा आणि अहमदाबाद येथे विमाने सुरू झाली, ती याच न्यायाने. विमान नाशिकला उपयोगी आहे. मात्र ते मुंबई जवळ करण्यासाठी फारसे नाही, मुंबईपलीकडचा देश जवळ करण्यासाठी आहे.

मुंबई जवळ येते आहे ती दुसऱ्याच वाटेने. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, 76 किलोमीटरांचा टप्पा खुला झाला. त्यात कसारा घाटाखालून सुमारे आठ किलोमीटरांचा बोगदा आहे. 1865 साली जो सांधा रुळांनी जुळला, तोच 160 वर्षांनी रस्त्याने पुन्हा, अधिक सरळ जुळला आहे. हेही मात्र खरे की, आमण्यापर्यंत वाऱ्यासारखी आलेली मोटार पुढे भिवंडी-ठाण्याच्या गर्दीत सापडते. सांधा एका जागी सुटला की दुसऱ्या जागी दिसू लागतो.

या साऱ्याचा आपणांस काय बोध? प्रगतीचे माप म्हणून आपण वेगाकडे पाहतो, कारण वेग डोळ्यांत भरतो. नवे विमान सुरू झाले की फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. रात्री उशिराच्या गाडीने नाशिकरोडला उतरलेल्या म्हाताऱ्या बाईस पंचवटीपर्यंत पोहोचवणारी बस मात्र कोणाच्या छायाचित्रात येत नाही. मुंबईच्या इस्पितळात तपासणीस नेलेला रोगी, परीक्षेस निघालेला मुलगा, रोज ये-जा करणारा कारकून, यांची मुंबई किती दूर हे त्या बसवर, स्टेशनाच्या जिन्यावर, घाटात जोडल्या जाणाऱ्या इंजिनावर ठरते. सार्वजनिक पैसा कोठे घालावा हा प्रश्न जेव्हा आपल्यापुढे येईल, तेव्हा आपण नागरिकांनी एवढे तरी विचारावे की, याने कोणाचा सांधा जुळणार आहे, आणि तो जोडण्याचा खर्च ज्यांच्या खिशातून जातो त्यांच्यापैकी किती जण त्यावरून जाणार आहेत?

पांडवलेण्यांच्या त्या लेखाकडे आमचे मन पुन्हा वळते. उषवदात परका होता, सत्ताधीश होता, त्याच्या दानात पुण्याचा हिशोब असेल आणि व्यापाराचाही असेल. पण होडी कोणासाठी, असे त्याने विचारले नाही. तिला मोल ठेवले नाही, आणि पाणपोई दोन्ही तीरांवर बांधली. पलीकडे उतरलेल्या माणसासही तहान लागते हे त्याने जाणले. आज नाशिकहून मुंबईस जाणारी गाडी त्या डोंगराच्या आसपासच्या मुलखातूनच पश्चिमेस वळते. पुढच्या खेपेस जाताना एवढे मनात आणावे, की आपण जी वाट साडेतीन तासांत तोडतो, तिच्या दोन्ही टोकांची काळजी वाहणारा मनुष्य या वाटेस फार पूर्वी लाभला होता.